पहिलं भोक पाहुण्याचं

नोकरीची एकोणतीस वर्षं मी भोकं बघण्यात घालवली. हे वाक्य अंकात छापावं की नाही यावर आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक जोशीकाका दोन दिवस विचार करतील, असा माझा अंदाज आहे. त्यांनी माझ्याकडे 'स्त्री आणि तंत्रज्ञान' असा लेख मागितला होता. प्रेरणादायी हवा आणि शेवटी नव्या पिढीला दोन शब्द हवेत. मला प्रेरणादायी जमत नाही. नव्या पिढीचं म्हणाल, तर मी मराठीत काही सांगायला लागले की माझी दोन्ही मुलं "हाँ मम्मी, समझ गए" म्हणून उठून जातात. घरच्यांनाच दोन शब्द पोचत नाहीत, तर तुमच्या मुलांना कुठून पोचवू?

मी मूळची जळगावची. नवऱ्याची बँकेत नोकरी, त्याची बदली लखनौला झाली आणि आम्ही जानकीपुरमला घर घेऊन इथलेच झालो. आडनाव चौधरी असल्यामुळे मला इथे कुणी परकं समजलं नाही, म्हणजे मी तोंड उघडेपर्यंत. शहरातल्या एका संशोधनसंस्थेत मी नेटवर्क सांभाळायचे. कोणती संस्था ते सांगणार नाही. ओळखू येऊ नये म्हणून चार गोष्टी इकडच्या तिकडेही केल्या आहेत, त्यामुळे शोधत बसू नका.

"मी स्विच बसवते," असं सांगितलं की लोक भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडे बघतात. माझे सासरे शेवटपर्यंत समजत होते की सून सरकारी ट्यूबलाइटी लावते. आमचा स्विच म्हणजे एक चपटा लोखंडी डबा. त्याच्या तोंडावर दोन ओळींत चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकं, ज्यांना आम्ही चारचौघांत पोर्ट म्हणतो. इमारतीतल्या प्रत्येक संगणकाची वायर येऊन यातल्या एकेका भोकात घुसते. कुणाचा निरोप आला, तो कुठल्या भोकातून बाहेर सोडायचा, कुणाचा निरोप कुणाला अजिबात दाखवायचा नाही, हे त्या डब्याला आधी शिकवून ठेवावं लागतं. एकदा शिकवलं की तो वर्षानुवर्षं तक्रार न करता काम करतो. मी एवढंच म्हणेन की आमच्या संस्थेत असे फक्त डबेच होते.

आता या डब्याचं रूप. हे ज्यांनी घडवलं त्यांनी आयुष्यात एकदाही हात घालून वायर काढलेली नसावी, असं माझं पक्कं मत आहे. वायरच्या टोकाला प्लॅस्टिकची एक जीभ असते. ती दाबली तरच वायर निघते. वरच्या ओळीतल्या वायरींची जीभ वर, खालच्या ओळीतल्या उलट्या टांगलेल्या, त्यांची जीभ खाली. एकच डबा असेल तर ठीक. पण सरकारी कपाटात जागा वाचवायला एका डब्यावर दुसरा डबा खेटून बसवतात. मग वरच्या डब्याची खालची ओळ आणि खालच्या डब्याची वरची ओळ यांच्या जिभा समोरासमोर येतात, आणि मधल्या फटीत माणसाचं बोट जात नाही. दिवे तर आणखी मजेचे. दोन्ही ओळींचे दिवे एकाच रांगेत, शेजारी मुंगीएवढे बाण, वरच्या भोकाचा दिवा कुठला आणि खालच्याचा कुठला ते दाखवायला. चाळिशी उलटल्यावर ते बाण बघायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावून वाकलं की तो नाकावरून डब्यावर पडतो.

माझी बोटं बारीक. नोकरीतली माझी निम्मी प्रतिष्ठा या बोटांवर उभी होती. जिथे माझंही बोट जायचं नाही तिथे आईची क्रोशाची सुई जायची. आईने मला ती रुमालांच्या कडा विणायला दिली होती. त्या सुईने मी आयुष्यात एक रुमाल विणला नाही, पण निदान हजार वायरी सोडवल्या असतील. मोठमोठ्या कंपन्यांचे टाय घातलेले इंजिनियर यायचे आणि घाम पुसत म्हणायचे, "मैडम, वो आपकी वाली सुई मिलेगी?"

डब्याची भोकं पुढे असतात आणि विजेची वायर मागे. यात शहाणपण आहे. पुढे उभं राहून वायरी खुपसणाऱ्याचा धक्का विजेला लागत नाही, शिवाय आतले पंखे पुढून गार हवा ओढतात आणि मागून गरम हवा सोडतात. आमच्या एका साहेबांना हे शहाणपण पसंत नव्हतं. जानेवारीत कुणी बडे पाहुणे संस्था बघायला येणार होते. साहेब डब्यांच्या खोलीत आले, वायरींकडे बघितलं आणि म्हणाले, "ये आँतें क्यों लटक रही हैं? इनका मुँह दीवार की तरफ़ कीजिए." मी पंख्यांचं सांगून बघितलं. साहेब म्हणाले, दोनच तासांचा प्रश्न आहे. डब्यांची तोंडं भिंतीकडे झाली, पाठी पाहुण्यांकडे. लखनौची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीत आहेच. पाहुणे त्या खोलीत शिरले ते हलेचनात. डब्यांच्या पाठीतून येणाऱ्या गरम हवेवर त्यांनी हात शेकून घेतले, मग त्यांच्या सोबतच्या मंडळींनी शेकून घेतले, आणि साहेबांच्या दूरदृष्टीचं कौतुक झालं. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि डबे तापून एकेक करत बंद पडले. साहेबांनी मला विचारलं, "ये पहले नहीं बता सकती थीं?"

तर हे झालं गमतीचं. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले तिकडे येते, कारण मला टाळाटाळ करायची सवय आहे आणि जोशीकाकांनी शब्दमर्यादा घातली आहे.

माझ्या हाताखाली शुक्लाजी नावाचे तंत्रज्ञ होते. हाताखाली म्हणायचं ते कागदोपत्री. ते संस्थेत माझ्या आधीपासून होते. इमारतीतली कुठली वायर कुठल्या भिंतीतून जाते हे त्यांना तोंडपाठ होतं. नकाशा काढला नव्हता, कारण नकाशा काढला तर शुक्लाजींना कोण विचारणार? आडवा बांधा, केळ्यांच्या घडासारखी बोटं, खिशात कंगवा आणि खांद्यावर पिवळं फडकं. रोज संध्याकाळी पाच वाजता घरी जाण्याआधी ते सगळे डबे त्या फडक्याने पुसून घ्यायचे. पुसताना डब्यांशी बोलायचेही. मला वाटतं, माझ्याशी बोलत त्यापेक्षा जास्त.

त्यांची एक रीत होती. कुठल्याही डब्याचं पहिलं भोक ते मोकळं ठेवत. वरच्या ओळीतलं, अगदी डाव्या कडेचं, एक नंबरचं. बाकी सगळी भरली तरी हे रिकामं. मी नवीन असताना विचारलं, तर हात जोडून म्हणाले, "मैडम, पहली जगह मेहमान की." मी हसले. लखनौची अदब डब्यापर्यंत पोचलेली बघून मी ती गोष्ट माहेरी, सासरी आणि मंडळात इतक्या वेळा सांगितली की तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. पण मनातून मला ती वेडगळ सवय वाटायची. सरकारी डब्यात पाहुणा कुठला?

त्यांच्या निवृत्तीला चार-पाच महिने उरले होते तेव्हा आम्हाला नवीन डबे मिळाले. सुंदर, काळे, आवाज न करणारे. या नव्या डब्यांत एक बदल होता. प्रत्येक स्विचला एक बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरलं की डबा शिकवलेलं सगळं विसरून कोरा होतो. जुन्या डब्यांत हे बटण पाठीमागे, टाचणीने दाबावं लागेल अशा छिद्रात लपवलेलं असे. नव्यात ते पुढे आणलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, पहिल्या भोकाच्या बरोबर डोक्यावर. माहितीपुस्तकात ते चित्रासकट दिलं होतं. मी पान उलटलं आणि पुढे गेले.

त्याच सुमारास मी नव्या वायरी मागवल्या होत्या, लाल रंगाच्या. टोकाची ती प्लॅस्टिकची जीभ मोडू नये म्हणून तिच्यावर रबराची टोपी होती. जुन्या वायरींच्या जिभा मोडून मोडून मी वैतागले होते, त्यामुळे या टोपीवर मी फार खूश होते. शुक्लाजी त्या रोज हातात घेऊन बघत आणि म्हणत, "मैडम, अब तार भी टोपी पहनने लगे."

निवृत्ती जवळ आली तसे शुक्लाजी एकच वाक्य वारंवार बोलायला लागले. "बस मैडम, बेदाग़ निकल जाएँ." नोकरीत एकही ठपका नाही, एकही मेमो नाही, तेवढं शेवटपर्यंत टिकलं की झालं. आमच्याकडे निरोपसमारंभात साहेब एक ठरलेलं भाषण वाचतात आणि त्यात 'बेदाग़ सेवा' हे शब्द येतात. शुक्लाजींनी ते भाषण दुसऱ्यांच्या निरोपाला इतकी वर्षं ऐकलं होतं आणि त्यांना ते आपल्या नावासकट ऐकायचं होतं.

एका शुक्रवारी दुपारी डॉ. वैशंपायन माझ्या खोलीत आल्या. पुण्याच्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, मातीतल्या जंतूंवर काम करणाऱ्या. त्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला होता आणि त्याचा संगणक त्यांना आजच्या आज जोडून हवा होता.

"सुनंदा, अगं सोमवारी सकाळी मला पहिल्या मिनिटाला काम सुरू करायचंय. आजच कर."

मी त्यांच्या मजल्यावरच्या डब्यांच्या खोलीत गेले. डबा भरलेला, एक नंबर सोडून. शुक्लाजी तिथेच होते. मी लाल वायर हातात घेतली तसे ते पुढे झाले.

"मैडम, पहली जगह तो..."

"शुक्लाजी, मेहमान आएँगे तो चाय पिला देंगे."

मी वायर खुपसली. टक् असा छान आवाज आला. घाई होती, कारण तुमच्याच मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती आणि मी समूहगीतात दुसऱ्या ओळीत उभी होते. मी कपाटाचं दार लोटलं आणि निघाले.

टोपीने बटण दाबून धरलं होतं. दार लोटल्यावर पाचदहा सेकंदांत डबा सगळं विसरला आणि पुन्हा चालू झाला. दिवे हिरवे, लुकलुकणारे, बघणाऱ्याला वाटावं की सगळं ठीक आहे. पण याच डब्यात वैशंपायनबाईंच्या अतिथंड फ्रीजरची वायर होती. फ्रीजर बिघडला तर सूचना बाईंच्या फोनवर जाईल, असं मी त्या डब्याला शिकवलं होतं. कोऱ्या डब्याला फ्रीजर कोण आणि बाई कोण! शनिवारी फ्रीजर बंद पडला. त्याने इमानाने सूचना पाठवली, ती डब्यापर्यंत आली आणि तिथेच मेली. सोमवारी बाईंनी दार उघडलं तेव्हा तीन वर्षांचे नमुने पाणी होऊन बसले होते.

सोमवारची सकाळ मी अजून विसरलेले नाही. डब्यांच्या खोलीत आम्ही तिघं. वैशंपायनबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मी डबा तपासला आणि तो कोरा आहे हे लक्षात आलं. कधी झाला, कसा झाला, हे सांगणारी नोंद डब्यातच असते, आणि डब्याबरोबर तीही पुसली गेली होती. कुणीतरी बटण दाबल्याशिवाय हे होत नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. नुसती वायर खुपसून डबा कोरा होत नाही, हेही मला पक्कं माहीत होतं. अशा पक्क्या माहितीनेच माझा घात केला.

बाई मराठीत म्हणाल्या, "सुनंदा, याला हात कुणी लावला?"

आणि मी मराठीतच म्हणाले, "त्यांनीच हात लावला असणार. रोज फडकं फिरवतात ना. पुसताना बटण दाबलं गेलं असेल. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत."

शेवटचं वाक्य तर धादांत खोटं. मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. स्वच्छ डबे मला आवडायचे. पण बाईंचा तो चेहरा बघून मला काहीतरी बोलायचं होतं आणि ते माझ्याविषयी असायला नको होतं. शुक्लाजी दोन हातांवर फडकं घेऊन उभे होते. आम्ही त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल बोलत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. या शहरात आपण सगळेच हे करतो. भाजीवाल्यासमोर भाव पटला नाही की मराठीत बोलतो, शेजारणीसमोर तिच्या साडीबद्दल मराठीत बोलतो, आणि भाषा म्हणजे पडदा आहे असं समजतो.

आम्ही बोलत असताना शुक्लाजींनी खाली वाकून एक गोष्ट केली. लेखा विभागातल्या, कधीच निवृत्त झालेल्या एका माणसाची वायर काढली, माझी लाल वायर माझ्याच क्रोशाच्या सुईने एक नंबरमधून सोडवून तिथे लावली, आणि पहिलं भोक मोकळं केलं. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, जळलं घर तरी यांना पाहुण्याची पडली आहे. मग मी डब्याला पुन्हा सगळं शिकवलं. त्यानंतर तो कधीच बिघडला नाही. मी अहवालात लिहिलं की तंत्रज्ञांना डबे पुसण्यास मनाई केल्यानंतर दोष पुन्हा उद्भवला नाही. म्हणजे दोष त्यांनी दुरुस्त केला आणि श्रेय मनाईला गेलं.

अहवालात मी 'शक्यता' हा शब्द घातला होता आणि स्वतःला न्यायी समजत होते. पुसताना बटण दाबलं गेल्याची शक्यता. कागद तीन टेबलांवरून गेला आणि तिसऱ्या टेबलावर शक्यता गळून पडली. शुक्लाजींना चेतावणीचं पत्र मिळालं आणि त्याची प्रत त्यांच्या सेवापुस्तकात लागली. ते माझ्याकडे आले नाहीत. फक्त पिवळं फडकं घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ये आप रख लीजिए."

निरोपसमारंभाला झेंडूचा हार, समोसे आणि भिंतीवरचं घड्याळ. साहेब ठरलेलं भाषण वाचत होते. 'बेदाग़'च्या जागी आले तेव्हा कागदाकडे बघून क्षणभर थांबले आणि पुढचं वाक्य वाचायला लागले. इतर कुणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. शुक्लाजी खाली बघत हाराच्या पाकळ्या चिमटीने तोडत होते.

दोन वर्षांनी संस्थेची नवी इमारत झाली. तिथे तसाच काळा डबा बसवताना भर दुपारी मी एक लाल वायर पहिल्या भोकात खुपसली आणि या वेळी घाई नसल्यामुळे तिथेच उभी राहिले. काही सेकंदांत डब्याचे सगळे दिवे एकदम गेले. मग एकेक करून परत आले. मी वायर काढली, जवळून बघितलं. रबराच्या टोपीवर तांदळाच्या दाण्याएवढा खळगा पडला होता. मी पुन्हा खुपसली. दिवे पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही केलं, कारण दोनदा योगायोग होऊ शकतो असं शास्त्र शिकलेली माणसं स्वतःला सांगतात. मग मी खाली जमिनीवर बसले. 

इथे मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं, असं लिहिता आलं असतं तर जोशीकाकांना प्रेरणादायी लेख मिळाला असता. मी गप्प बसले. माझ्याच निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. रोज ठरवायचे, उद्या सांगू. नव्या डब्यांवर पहिलं भोक रिकामं ठेवण्याचा नियम मात्र मी ताबडतोब काढला, लेखी, माझ्या सहीने. माझ्या सावधपणाचं कौतुक झालं. आणि मग माझा निरोपसमारंभ आला. झेंडू, समोसे, घड्याळ. साहेबांनी भाषण वाचलं आणि कुठेही न थांबता म्हणाले, "बेदाग़ सेवा." टाळ्या वाजल्या. ते घड्याळ मी अजून भिंतीला लावलेलं नाही.

या उन्हाळ्यात मी आधी संस्थेला पत्र लिहिलं आणि वैशंपायनबाईंना पुण्याला फोन केला.  बाई म्हणाल्या, "अगं, आजच कर म्हणून मीच मागे लागले होते." संस्थेचं उत्तर आलं की आपलं पत्र फायलीत लावलं आहे. मग मी निशातगंजला शुक्लाजींकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर घर. त्यांच्या बायकोने बेलाचं सरबत दिलं. भिंतीवर ते निरोपाचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. मी सगळं सांगितलं. टोपी, बटण, खळगा, तालीम, दीड वर्षं.

मला वाटत होतं, ते हात जोडून "कोई बात नहीं मैडम" म्हणतील. लखनौचा माणूस, दुसरं काय म्हणणार? शुक्लाजींनी पेला खाली ठेवला.

"डेढ़ साल आप जानती थीं?"

"हाँ."

"और जिस दिन हुआ, उस दिन एक बार पूछ लेतीं. बस इतना. 'शुक्लाजी, आपने दबाया क्या?' पूछा ही नहीं." त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला पहिल्यांदा ऐकला. आतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

 

मग पेला पुन्हा उचलून ते म्हणाले, "और वो मेहमान-वेहमान भी कुछ नहीं था. किनारे पर अलमारी की लोहे की पट्टी है न, उसमें मेरी उँगली नहीं जाती थी. तार लगा दूँ तो निकले नहीं. अब आपसे क्या कहता, कि मेरी उँगली मोटी है?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. ते मात्र हसले नाहीत. विचारलं, "ये बात किस-किस को बताई?"

मी पत्राचं सांगितलं, फोनचं सांगितलं. फायलीवर ते म्हणाले, "फ़ाइल कौन पढ़ता है." मग मी सांगितलं की आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यात लिहिणार आहे. छापून येईल, शंभर घरांत जाईल.

"किस ज़बान में?"

"मराठी में."

आता ते हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. "वाह मैडम. इल्ज़ाम भी मराठी में, माफ़ी भी मराठी में."

"आप समझे थे उस दिन?"

"'हात लावला', 'फडकं', 'ऐकत नाहीत'. पच्चीस साल आपके साथ काम किया. इतनी मराठी तो समझ ही लेते हैं." म्हणजे ती इतकी वर्षं, माझ्या सगळ्या फोनवरच्या गप्पा, साहेबांबद्दलच्या, त्यांच्या स्वतःच्या पाहुण्याच्या भोकाच्या गमतीसकट, ते पुसता पुसता ऐकत होते.

मी निघायला उठले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "अक्षर तो वही हैं, हमारे आपके. एक काम कीजिए. उसमें एक लाइन हमारी ज़बान में डाल दीजिए. सबसे आख़िर में, ताकि ढूँढ़ना न पड़े. नाम पूरा लिखिएगा. किताब मुझे दे जाइएगा, श्रीमती जी को पढ़कर सुनाएँगे."

मी विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "वो आप जानें. आपको तो रिपोर्ट लिखना आता है."

तेव्हा जोशीकाका, माझी एकच विनंती. वरचं काय कापायचं ते कापा. भोकं काढा, साहेब काढा, क्रोशाची सुईसुद्धा काढा. पण खालच्या ओळींना हात लावू नका, त्यांचं मराठीही करू नका. निशातगंजला एक माणूस चष्मा लावून त्या मोठ्याने वाचणार आहे.

श्री शिवमोहन शुक्ला ने वह बटन नहीं दबाया था। तार मैंने लगाया था, और मैंने उनसे पूछा तक नहीं। उनकी सेवा बेदाग़ थी।